नाव बादशहाचे, टांकसाळ कोणाची?



मोगलकाळात राज्य कोणाचे, हे दोन गोष्टींवरून ठरे : खुतबा कोणाच्या नावाने वाचला जातो आणि रुपयावर नाव कोणाचे आहे. याच कसोटीवर मराठ्यांवर आक्षेप घेतला जातो. पेशवाईतील पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचे चिन्ह असे. फारसी अक्षरांतील नाव मात्र दिल्लीच्या बादशहाचे. मग मराठे स्वतंत्र होते की मांडलिक?

शिवछत्रपतींनी या प्रश्नाला जागाच ठेवली नव्हती. त्यांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर नागरी अक्षरे होती : ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’. चांदीच्या रुपयाची गोष्ट वेगळी. तो दूरदूरच्या बाजारपेठांत चाले. सराफांचा विश्वास परिचित शिक्क्यावर. अपरिचित नाण्यावर ते बट्टा कापत. प्रतिष्ठेसाठी व्यापार मोडणे मराठी मुत्सद्द्यांना परवडणारे नव्हते.

प्रत्यक्ष सत्ता कोणाची होती? १७७२ मध्ये शाहआलम दिल्लीच्या तख्तावर परतला तो मराठी फौजांच्या बळावर. १७८४ पासून त्याचा कारभार महादजी शिंद्यांच्या हाती आला. ज्याचे नाव रुपयावर, तोच मराठ्यांच्या आश्रयाला!

इंग्रजांनीही हाच मार्ग धरला. कंपनीचा मुर्शिदाबादी रुपया शाहआलमच्याच नावाचा. त्यावरील १९ हे राज्यवर्षही गोठवलेले. बादशहा १८०६ मध्ये वारला, तरी नाव चालूच राहिले. सत्ता पक्की झाल्यावर, १८३५ मध्ये, कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया काढला आणि त्यावर चौथ्या विल्यमचा मुखवटा आणला. बादशहाचे नाव पुसले गेले.

तेव्हा मांडलिकत्वाचा आक्षेप टिकत नाही. तरीही एक शल्य उरते. पंजाबातील नानकशाही रुपयाची लिपी फारसीच होती. पण नाव गुरूंचे आणि कालगणना विक्रम संवताची. महाराजा रणजितसिंहांनीही त्यावर स्वतःचे नाव घातले नाही. तो रुपया बाजारात चालला. म्हणजे दुसरी वाट होती. सामर्थ्य असताना मराठ्यांनी ती चोखाळली नाही, आणि १८१८ नंतर ती संधीही राहिली नाही.

पुढे १९५० मध्ये इंग्रज राजाचा मुखवटा जाऊन रुपयावर अशोकस्तंभाचे सिंह आले. तोवर रुपयातील चांदी संपून निकेल आले होते. धातू हलका झाला होता. मुद्रा मात्र प्रथमच साऱ्या देशाची होती. सत्ता मिळवणे आणि तिच्यावर आपली मुद्रा उमटवणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत, हे या रुपयांच्या इतिहासाने शिकवले आहे.