साक्ष खरी, तरी आरोपी सुटला?

मंडळी, फौजदारी खटल्यात आरोपी सुटला, की चावडीवर एकच बोलणे निघते : “साक्षीदार खोटा पडला.” ज्या बिचाऱ्याने कोर्टाचे चार हेलपाटे घालून साक्ष दिली, त्याला मग गावात मान वर करून चालण्याची चोरी. पण निकालाचा अर्थ दर वेळी तसाच असतो का?

समजा, अमावास्येच्या रात्री एका गंजीला आग लागली. शेजारचा शेतकरी शपथेवर सांगतो, “पळणारा अमुकच होता.” वकील उलटतपासणीत विचारतो : किती अंतर होते? तोंड दिसले की पाठ? शेतकरी म्हणतो, “शंभर पावलांवरून पाठ दिसली, पण चालीवरून ओळखला.” हा माणूस खोटे बोलत नाही. त्याला मनापासून तसे वाटते. परंतु आगीच्या उजेडात पळणारी काळी पाठ ओळखण्यात त्याची गफलत झाली नसेल, असे न्यायाधीशाने छातीला हात लावून म्हणावे काय?

१९५७ साली पंजाबातील एका अपिलात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी (हे मूळचे आपल्या साताऱ्याचे) हेच बजावले. ‘खरे असू शकेल’ आणि ‘खरे असलेच पाहिजे’ यांत लांबचा पल्ला असतो. तो सरकार पक्षाने भरवशाच्या पुराव्यानेच काटावा लागतो.

त्यासाठी साक्षीदारांची खोगीरभरती नको. अमुक इतके साक्षीदार हवेतच, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात नव्हते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही नाही. १९५७ च्याच मद्रासकडील एका खून-खटल्यात एकाच साक्षीदाराच्या शब्दावर शिक्षा कायम झाली. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा तीन प्रकार सांगितले : पुरता विश्वासाचा, मुळीच विश्वासाचा नसलेला, आणि मधला. मधल्याच्या साक्षीला दुसऱ्या पुराव्याचा टेकू लागतो. आपला शेतकरी या मधल्यांतला. गंजीपाशी आरोपीचा कंदील सापडला असता, तर गोष्ट वेगळी.

आता, बारीकसारीक चुकीने साक्ष बुडत नाही. बैल पांढरा की कबरा, हे दोन वर्षांनी कोणाला आठवते? संशय हवा तो वाजवी. ओढूनताणून आणलेला नव्हे.

शिक्षकबंधूंनो, निकालाची नक्कल गावात आली, तर ती चावडीवर वाचून दाखवा. तीत ‘साक्षीदार अविश्वसनीय’ असे लिहिले आहे की ‘संशयाचा फायदा’, एवढे तरी लोकांना कळू द्या.