पहिलें पिस्तूल घेतांना



सारा जन्म खडू धरलेल्या हातानें पिस्तुलावर बोलावें, हें पुष्कळांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतें. पण गेल्या दिवाळीनंतर दुसरबीडचाच माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो धान्याचा व्यापार करतो. रोकड घेऊन अवेळीं ये-जा करावी लागते. जिल्हाधिकारी कचेरींतून त्यास शस्त्राचा परवाना मिळाला होता. पाया पडून म्हणाला, "गुरुजी, रिव्हॉल्व्हर घेऊं कीं पिस्तूल? दुकानदार म्हणतो, पिस्तूलच घ्या." मला यांतलें कांहींच कळत नव्हतें. म्हणून सैन्यांतून निवृत्त होऊन गांवीं आलेल्या दुसऱ्या एका विद्यार्थ्यास मीं बोलावून घेतलें. पुढें आम्हां तिघांच्या ज्या बैठकी झाल्या आणि त्यापायीं मीं जें कांहीं वाचलें, त्यांतून आजचें हें भाषण तयार झालें आहे.

'अर्धस्वयंचलित' हा शब्द भारदस्त असला तरी त्याचा अर्थ सोपा आहे. चाप एकदां ओढला कीं एकच गोळी सुटते. मात्र दारूच्या जोरानें पिस्तुलाची वरची स्लाइड मागें सरकते, रिकामें काडतूस बाहेर फेकलें जातें, आणि स्प्रिंगच्या बळानें पुढें येतांना तीच स्लाइड मुठींतल्या मॅगझीनमधून नवें काडतूस नळींत ढकलते. पुन्हा चाप ओढावा, तेव्हां दुसरी गोळी. चाप नुसता दाबून धरला असतां ज्यांतून गोळ्या सुटतच राहतात, तें शस्त्र निराळें. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानें तें निषिद्ध ठरविलें आहे.

या युक्तीचा मोठा कारागीर म्हणजे जॉन ब्राउनिंग हा अमेरिकन. त्याचीं पिस्तुलें बेल्जममध्यें तयार होऊं लागलीं आणि दहा-अकरा वर्षांच्या आंतच तीं महाराष्ट्रांत येऊन पोहोंचलीं. २१ डिसेंबर १९०९ रोजीं नाशिकच्या विजयानंद नाटकगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर जें पिस्तूल झाडलें तें ब्राउनिंगच होतें. लंडनहून लपवून पाठविलेल्या वीस पिस्तुलांपैकीं एक. हा धडा मीं वर्गांत कितीदां शिकविला असेल! पण तें पिस्तूल चालतें कसें, हें ना कोण्या मुलानें विचारलें, ना मला सांगावेंसें वाटलें.

नवख्याचा पहिला प्रश्न असतो, गोळी केवढी घ्यावी? हा प्रश्न बहुतांशीं कायद्यानेंच सोडविला आहे. चित्रपटांत दिसणारें नऊ मिलिमीटरचें पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्यें मोडतें. स्वसंरक्षणासाठीं परवाना मिळालेल्या माणसापुढें मुख्यतः बत्तीस बोअर राहतो. सरकारी कारखान्यांपैकीं बंगालमधील ईशापूरनें 'अशनि' नांवाचें पिस्तूल काढलें, कानपूरनें रिव्हॉल्व्हरें. कानपूरहून २०१४ सालीं निघालेलें 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर अवघें अर्ध्या किलोच्या आसपास भरतें. त्याची किंमत मात्र तेव्हांच सव्वा लाखाच्या घरांत होती. येथें एक खोंच ध्यानांत ठेवावी. 'बत्तीस' हें नांव एक आणि काडतुसें दोन. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचें पितळी कवच लांब व बुडाशीं ठळक कडेचें. पिस्तुलाचें आंखूड, सतरा मिलिमीटरांचें, कड नाममात्र. एकाचें काडतूस दुसऱ्यास चालत नाहीं. दुकानांत नुसतें 'बत्तीसचीं द्या' असें म्हणूं नये.

आतां खऱ्या मुद्द्याकडे येतों. आमच्या दुसऱ्या बैठकीस व्यापारी विद्यार्थ्यानें आपल्या एका नातेवाइकास सोबत आणलें. त्यांच्यापाशीं परवान्याचें पिस्तूल होतें. दाखविण्यासाठीं त्यांनीं तें काढलें, मॅगझीन उपसून सतरंजीवर ठेवलें आणि "रिकामें आहे, पाहा" असें म्हणत पिस्तूल माझ्या हातीं देऊं लागले. माझा सहा वर्षांचा नातू मांडीला टेकून बसला होता. फौजी विद्यार्थ्यानें मध्येंच हात घालून तें घेतलें, नळीचें तोंड अंगणांतल्या मातीच्या ढिगाकडे केलें आणि स्लाइड मागें ओढली. एक जिवंत काडतूस उडून सतरंजीवर पडलें व घरंगळत नातवाच्या पायाशीं गेलें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. चहा तसाच निवून गेला.

मॅगझीन काढलें म्हणजे पिस्तूल रिकामें झालें, असें नसतें. नळींत चढलेलें एक काडतूस मागें राहतें, आणि तें बाहेरून दिसत नाहीं. रिव्हॉल्व्हरचें चक्र उघडलें कीं सगळीं घरें डोळ्यांसमोर येतात. पिस्तूल आपलें पोट झांकून ठेवतें. म्हणून आधीं मॅगझीन काढावें, मग स्लाइड ओढावी, मग नळींत डोळ्यांनीं पाहावें व बोट घालून चांचपावें. हा क्रम उलटा केला, तर स्लाइड पुढें येतांना मॅगझीनमधलें दुसरें काडतूस उचलते आणि आपण रिकामें समजून भरलेलें पिस्तूल हातीं धरतों.

पहिलें पिस्तूल निवडतांना मी म्हणूनच प्रथम हेंच विचारीन, कीं नळींत काडतूस असल्याची खूण डोळ्यांस व बोटास कळते काय? मॅगझीन काढल्यावर चाप निकामी होतो काय? सेफ्टीचा खटका पकड न सोडतां अंगठ्यानें फिरतो काय? अशा योजना कांहीं पिस्तुलांत असतात, कांहींत नसतात. असल्या, तरी त्यांच्या भरंवशावर स्लाइड ओढून पाहण्याचा कंटाळा करणाऱ्यानें पिस्तूल घेऊंच नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

त्यानंतर हाताचा विचार. मूठ अशी असावी कीं तर्जनीचें पहिलें पेर सहज चापावर पडावें. लहान पिस्तूल खिशाला बरें, पण त्याचा धक्का हाताला अधिक लागतो, आणि नळीच्या टोकावरची माशी व मागची खांच जवळ आल्यानें नेमांतली चूक वाढते. स्लाइडची स्प्रिंग ताठ असते; ती दहा वेळां ओढून पाहावी. तिसऱ्या वेळींच बोटें घसरूं लागलीं, तर तें शस्त्र आपलें नव्हे. सफाईसाठीं तें सुटें करतां येतें काय, हेंही दुकानांतच पाहून घ्यावें. काडतूस फुसकें निघालें तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला कीं पुढचें घर येतें. पिस्तुलाची स्लाइड दुसऱ्या हातानें ओढून तें बाहेर काढावें लागतें, आणि घाबरलेल्या माणसाला तें सरावावांचून साधत नाहीं. सराव न करणाऱ्यानें रिव्हॉल्व्हरच घ्यावें.

दुकानदार मात्र मॅगझीनमध्यें किती गोळ्या मावतात तेंच मोठ्यानें सांगत असतो. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेंत पंचवीस मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें. अंतिम फेरींत थायलंडच्या खेळाडूशीं चौतीस-चौतीस अशी बरोबरी झाली आणि ती फोडण्यासाठीं दोन वेळां जादा नेमबाजी करावी लागली. या खेळाचें पिस्तूल बावीस बोअरचें, अर्धस्वयंचलितच. त्यांत एका वेळीं पांचच काडतुसें भरतात. चाप किमान एक किलो भार पेलणारा असावा, असा नियम आहे. म्हणजे तेथेंही केसाच्या स्पर्शानें सुटणारा चाप चालत नाहीं. बावीस बोअरचा धक्का हलका असतो, त्यामुळें डोळे मिटण्याची खोड लागत नाहीं. ज्याला शक्य असेल त्यानें नेमबाजीच्या क्लबांत देखरेखीखालीं बावीसवरच आरंभ करावा.

शेतकरी बांधवांनीं विचारलें म्हणून सांगतों, रोही आणि रानडुकरें हांकलण्यास पिस्तूल निरुपयोगी आहे, आणि वन्य प्राण्यांचा कायदा निराळाच.

२०१६ च्या नियमांनीं शस्त्र सुरक्षितपणें हाताळण्याचें शिक्षण ठेवलें आहे. तें केवळ प्रमाणपत्राच्या कागदासाठीं उरकूं नये. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास दोनच शस्त्रें ठेवतां येतात, आणि लग्नाच्या वरातींत हौसेनें बार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. वरातीचा हंगाम जवळ आला आहे म्हणून ही आठवण.

आमच्या व्यापारी विद्यार्थ्यानें अजून खरेदी केलेली नाहीं. त्याचा कल आतां रिव्हॉल्व्हरकडे आहे. पण फौजी विद्यार्थी म्हणतो, आधीं दोन्ही चालवून पाहा, मग पैसे मोज. दुकानदाराचा फोन आठवड्यास एकदां येतो. हा उचलत नाहीं. मात्र भिंतींत बसवावयाची लोखंडी पेटी त्यानें आणून ठेवली आहे, आणि तिची किल्ली कोठें ठेवावयाची यावर त्याच्या घरीं अद्याप वाद चालू आहे.