जुन्या स्मरणिका, लिनक्स आणि पायथन : एका खटाटोपाची हकीकत

(मंडळाच्या बीबी येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस ‘संगणक आणि समाजाची प्रगती’ असा विषय सुचविला होता. विषय मोठा आहे आणि आमचा अधिकार लहान. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. पर्जन्याच्या जुन्या नोंदींवर संशोधन करीत असताना गरजेपोटी जे चार हत्यार हाती धरावे लागले, तेवढीच आमची विद्या. म्हणून प्रगतीची गोष्ट विद्वानांवर सोपवून, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मंडळाच्या कचेरीतील टेबलावर बसून आम्ही काय केले, एवढेच येथे निवेदन करणार आहोत.

प्रसंग असा घडला. आपल्याच समाजातील एक आजी नातवासह कचेरीत आल्या. त्यांच्या यजमानांनी पंचवीसएक वर्षांपूर्वी आपल्या स्मरणिकेत एक लेख लिहिला होता. घरची प्रत वाळवीने खाल्ली, मंडळाकडची कोणी नेली ती परत आली नाही. मात्र त्या वर्षीचा मजकूर असलेली एक सीडी कपाटात सापडली. ती लावली, फाइल उघडली, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता खच पडला. त्यातला एक शब्द उच्चारता येईल तर शपथ. आजी शांतपणे म्हणाल्या, “यांचं मराठी इतकं वाईट नव्हतं.”

आता हे असे का होते, ते सांगितले पाहिजे. त्या काळी संगणकास मराठी येत नव्हते. त्यावर तोडगा म्हणून कृतिदेव, श्रीलिपी यांसारखे फाँट निघाले. कृतिदेवची युक्ती अशी की, संगणकात इंग्रजी अक्षरच साठवायचे, फक्त त्याचे चित्र देवनागरी काढायचे. आपल्या गावाचेच उदाहरण घ्या. लहान ‘सी’च्या जागी ‘ब’चे चित्र आणि लहान ‘एच’च्या जागी दीर्घ वेलांटी. म्हणजे ‘बीबी’ हे नाव फाइलीत सी-एच-सी-एच असे पडलेले असते. फाँट आहे तोवर बीबी दिसते. फाँट गेला की गावाचे नावही गेले. या मांडणीत काही वेडेपणा नव्हता, हेही नमूद करतो. ती रेमिंग्टन टंकलेखन यंत्राच्या कळफलकावरून घेतलेली होती, आणि ज्यांनी तहसिलीत वा शाळेच्या कार्यालयात त्या यंत्रावर आयुष्य घालविले, त्यांची बोटे न अडखळता संगणकावर आली.

अक्षरास स्वतःचा कायमचा क्रमांक द्यावा, चित्र कोणतेही असो, हा विचार त्याच वेळी आकारास येत होता. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक प्रसिद्ध केले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत देवनागरीस १२८ जागांचा एक गाळा मिळाला. योगायोग असा की ज्या दोन साधनांविषयी आज बोलावयाचे, तीही त्याच वर्षीची. फेब्रुवारी १९९१ मध्ये अ‍ॅमस्टरडॅम येथील गणित-संगणक संस्थेत काम करणाऱ्या खीडो फान रॉसम यांनी पायथन ही आज्ञावली लिहिण्याची भाषा प्रथम लोकांस दिली. ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लीनुस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली रचीत असल्याचे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. दोहोंस दाम पडत नाही. मंडळाच्या कोषाध्यक्षांस ही बाब फार आवडली.

कचेरीतील संगणक जुना, चार जीबी स्मृतीचा. त्यावरील विंडोज १० चा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि नवी आवृत्ती तो पेलू शकत नाही. तो भंगारात देण्याचा ठराव होण्याच्या बेतात होता. आम्ही त्यातील हिशेबाच्या फाइली आधी बाहेर काढल्या, एका पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरविले व त्यावरून ते संगणकात बसविले. यंत्र पुन्हा चालू लागले. पायथन त्यासोबतच आले होते.

येथे आमचा एक अपराध कबूल करणे प्राप्त आहे. लिनक्समध्ये एखाद्या आज्ञेचे उत्तर बाणाच्या चिन्हाने फाइलीत वळविता येते. आम्ही घाईत मूळ फाइलीचे रूपांतर करून उत्तर त्याच नावाच्या फाइलीत वळविले. लिनक्स प्रथम उत्तराची फाइल रिकामी करते आणि मग आज्ञा चालविते. अर्थात आज्ञेने वाचावयास घेतली तेव्हा फाइल कोरी झालेली होती. देणगीदारांची पूर्ण यादी निमिषात नाहीशी झाली. आमच्या अंगास घाम फुटला. सुदैवाने मूळ सीडी शाबूत होती. तेव्हापासून आमचा रिवाज असा : मूळ फाइलींचा लेखनाधिकार काढून टाकावयाचा, काम प्रतीवर करावयाचे, आणि उत्तरास नेहमी नवे नाव द्यावयाचे. सुनेला दागिने दाखविताना डबा खिडकीत ठेवू नये, तसेच हे.

रूपांतराचे काम वरवर सोपे दिसते. कोष्टक करावे, ‘सी’च्या जागी ‘ब’ घालावा, झाले. पण पहिल्या दिवशी ‘भ’ने अडविले. कृतिदेवमध्ये मोठा ‘एच’ म्हणजे अर्धा भ, आणि ‘के’ म्हणजे काना. दोन्ही मिळून पूर्ण भ. ‘के’चा काना आधी केला तर अर्ध्या भ ला काना लोंबकळत राहतो. म्हणून कोष्टकात लांब जोड्या आधी, एकेकटी अक्षरे मागाहून, हा क्रम पाळावा लागतो. लोणारने तर आमची चांगलीच फजिती केली. मजकूर स्वच्छ करावा म्हणून आम्ही रूपांतरापूर्वीच इंग्रजी पूर्णविरामाची टिंबे पुसून टाकली. कृतिदेवमध्ये ते टिंब म्हणजे अर्धा ण असतो, हे आमच्या ध्यानी नव्हते. उल्कापाताने झालेल्या जगप्रसिद्ध सरोवराच्या गावातून आम्ही ‘ण’ उचलून नेला होता! शेजारचे गाव म्हणून लक्षात तरी आले.

सर्वांत अधिक वेळ ‘विदर्भ’ या शब्दाने घेतला. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनाच्या आधी काढतो, पण बोलताना ती नंतर येते; रफार शेवटी काढतो, पण उच्चार भ च्या आधी. कृतिदेव हाताच्या क्रमाने साठविते, युनिकोड जिभेच्या. तेव्हा वेलांटी उचलून व च्या पुढे न्यावी, रफार उचलून भ च्या मागे आणावा. ‘स्थिती’सारख्या शब्दात वेलांटीने सारे जोडाक्षर ओलांडावयाचे असते, आणि ‘वर्षी’मध्ये रफारास दीर्घ वेलांटीवरूनही मागे उडी घ्यावी लागते. पायथनमध्ये हे दोन नियम आठ-दहा ओळींत बसले; पण ते सुचण्यास तीन रात्री गेल्या. शिवाय आम्ही घेतलेले तयार कोष्टक हिंदीसाठी केलेले होते. त्याने ‘शेतकऱ्यांचे’ हा शब्द सर्वत्र ‘शेतकर्यांचे’ करून ठेवला. आपला हा ऱ्य वेगळा आहे, हे कोष्टकास आम्हीच शिकविले.

तपासणीची रीतही सांगतो, कारण तरुण मंडळींस ती उपयोगी पडेल. रूपांतरानंतर एकही इंग्रजी अक्षर उरले तर ते यंत्राने दाखवावे. हलन्तानंतर मात्रा आली, किंवा शब्दाचा आरंभच मात्रेने झाला, तरीही दाखवावे. मग सर्व निरनिराळ्या शब्दांची यादी काढून, जे एकदाच आले ते माणसाने वाचावेत. अडचण अशी की स्मरणिकेत एकदाच येणारे शब्द म्हणजे बहुधा माणसांची नावे. दत्तात्रय की दत्तात्रेय, हे पायथनने ठरवावयाचे नाही. तेव्हा आम्ही त्या याद्या छापून काढल्या आणि मेहकर, सुलतानपूर, दुसरबीड येथील वृद्ध मंडळींच्या घरी घेऊन बसलो. कोणाची सून कोणत्या घरची, हे सांगताना चहा थंड होई. एका घरी यादीतील दोन नावांवरून बंधूंत वादही झाला. तो आम्ही तेथेच सोडून आलो.

आजींच्या यजमानांचा लेख तेरा पानांचा निघाला. आम्ही तो मोठ्या अक्षरांत छापून त्यांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून सावकाश सारा वाचला आणि सातव्या पानावर बोट ठेवले. तेथे त्यांच्या माहेरच्या गावाचे नाव चुकले होते. आम्ही वरमलो, घरी येऊन मूळ फाइल पाहिली, तर चूक मुळातलीच होती. दुसऱ्या दिवशी तसे कळविले, तेव्हा त्या म्हणाल्या, “माहीत आहे मला. छापून आली तेव्हाच मी त्यांना सांगितली होती.” लेख आम्ही होता तसाच ठेवला आहे, आणि त्यांची दुरुस्ती तळटीप म्हणून जोडली आहे.

आजवर सहा अंकांचा मजकूर असा सोडविला. श्रीलिपीतील फाइली अद्याप उरल्या आहेत. त्यांचे कोष्टक वेगळे, नव्याने बसवावे लागेल. ज्यांच्या घरी जुन्या सीडी, फ्लॉपी, किंवा निदान छापील अंक असतील, त्यांनी ते आज भोजनोत्तर चिटणीसांकडे नोंदवावेत. वस्तू परत मिळेल, पावती दिली जाईल. नावांच्या याद्या वाचून देण्यास वडीलधाऱ्यांपैकी आणखी चार-पाच जणांची गरज आहे. त्यांनी आपला चष्मा बरोबर आणावा.