हापूसची पेटी आणि देशाचे दार



1 मे 2014 रोजी, ऐन हंगामात, युरोपीय महासंघाने भारतीय आंब्याला आपली बाजारपेठ बंद केली. सोबत अळू, वांगी, कारली आणि पडवळ यांनाही मज्जाव झाला. 2013 साली भारतातून गेलेल्या फळे-भाजीपाल्याच्या 207 खेपांमध्ये फळमाशी व अन्य घातक किडी आढळल्या, हे त्याचे कारण होते. कोकणच्या बागायतदाराला हा घाव वर्मी लागला. हा केवळ व्यापारी डाव आहे, असेही म्हटले गेले.

परंतु संतापाने पेटी विकली जात नाही. फळमाशी पिकू लागलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळी आत गर वाढेल तशी पोसली जाते आणि फळ मात्र वरून निर्दोष दिसते. असे एक फळ ज्या भूमीत ही माशी नाही तेथे पोहोचले, तर तेथील शेतकऱ्याच्या पिढ्यान् पिढ्यांची डोकेदुखी सुरू होऊ शकते. म्हणूनच 1995 पासून अमलात असलेला जागतिक व्यापार संघटनेचा करार प्रत्येक राष्ट्राला आपल्या पिकांच्या रक्षणाचा अधिकार देतो. मुख्य अट अशी, की त्या निर्बंधाला शास्त्रीय आधार असावा.

भारताने या अडथळ्यावर उत्तर शोधले ते शास्त्रानेच. 1989 पासून बंद असलेले अमेरिकेचे दार 2007 मध्ये उघडले. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला मुख्यत्वे कांद्यासाठी उभारलेल्या ‘कृषक’ प्रकल्पात आंब्यावर किमान 400 ग्रे मात्रेचा किरणोपचार होऊ लागला. कोयीत दडलेल्या भुंग्यालाही त्यामुळे प्रजनन अशक्य होते. युरोपसाठी 48 अंश सेल्सिअस उष्ण पाण्यात 60 मिनिटांच्या प्रक्रियेचा मार्ग स्वीकारला गेला, निर्यातीच्या मालाची तपासणी मान्यताप्राप्त पॅकहाऊसमध्येच होऊ लागली आणि जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय झाला.

तथापि यंत्र हा शेवटचा पहारेकरी आहे. पहिला पहारा बागेत असतो. गळलेली, किडकी फळे वेचून खोल पुरणे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा वेळेवर टांगणे, ही कामे साधी आहेत; पण ती एकट्याने करून भागत नाही. शेजारची बाग मोकळी राहिली, तर माशी कुंपण ओलांडतेच. येथे गावाची एकजूट हीच खरी फवारणी होय. शिस्त कागदावरही हवी. मे 2025 मध्ये अमेरिकेत आंब्याच्या किमान पंधरा खेपा नाकारल्या गेल्या. त्या वेळी आक्षेप किडीवर नव्हता, किरणोपचाराच्या कागदपत्रांतील त्रुटींवर होता. वर्षभराचा घाम एका नोंदीपायी वाया गेला.

आता दुसरी बाजू. परक्यांनी आपल्याकडून जी दक्षता मागितली, ती आपल्या दारावर आहे काय? मूळची अमेरिका खंडातील लष्करी अळी 2018 साली प्रथम कर्नाटकात आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मका तिने पोखरला. तिला पारपत्र कोणी विचारले? आयात होणाऱ्या रोपा-बियाण्यांसाठी 2003 चा वनस्पती संगरोध आदेश आहे. पण तोही 1914 च्या ब्रिटिशकालीन कायद्याच्या आधारे काढलेला. नव्या व्यवस्थेसाठी 2013 मध्ये लोकसभेत मांडलेले कृषी जैवसुरक्षा विधेयक 2014 मध्ये लोकसभेच्या विसर्जनाबरोबर निकालात निघाले. त्याची हळहळ फारशी कोणास वाटली नाही.

जे राष्ट्र आपल्या शेताचे दार राखते, त्याच्याच मालाला इतरांच्या दारी मान मिळतो. निर्यातीची पेटी बंद करताना आणि परदेशातून आलेली पेटी उघडताना कसोटी एकच असली पाहिजे. परदेशी प्रवासाहून परतताना हौसेने खिशात आणलेले एखादे बी किंवा रोप हीदेखील उघडी राहिलेली खिडकीच आहे. कृषी जैवसुरक्षेचा आरंभ ती बंद करण्यापासून होतो.