वाळूचा कण किती खडबडीत?



मावळात सोमाटणे फाट्याहून परंदवडीकडे जाताना नव्या बांधकामांच्या पुढ्यात काळसर क्रश सँडचे ढीग पडलेले दिसतात. नदीची वाळू आता सहज मिळत नाही. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार खटल्यात वाळूसारख्या गौण खनिजांच्या छोट्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. दगड फोडून केलेली अशी वाळू मात्र आयएस 383 या भारतीय मानकानुसार काँक्रीटमध्ये रीतसर वापरता येते. नदीचं पात्र उपसण्यापेक्षा हे कितीतरी बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गवंडी तक्रार करतात, "ही वाळू फार खरखरीत, पाणी जास्त पिते." त्यांचा हात खोटं सांगत नाही. फक्त त्या हाताला आकड्याची जोड हवी.

मावळातला दगड बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. नदीत हा दगड झिजतो, कण एकमेकांवर आपटतात, कोपरे उडतात. क्रशरमध्ये तोच दगड क्षणात फुटतो आणि प्रत्येक कणाला ताजा, धारदार काठ येतो. असे कण एकमेकांवरून सहज घसरत नाहीत. माल कालवताना घट्ट वाटतो आणि कुणीतरी पाण्याची आणखी एक बादली ओततो. सिमेंट तेवढंच आणि पाणी वाढलं, की काँक्रीटची ताकद घटते. हा नियम डफ अब्राम्स यांनी 1918 मध्येच मांडला होता. दुसऱ्या बाजूने, खडबडीत पृष्ठभागाला सिमेंट अधिक घट्ट धरतं. तेव्हा खडबडीतपणा हा दोष नाही. तो किती आहे, हे ठाऊक असलं पाहिजे.

मोजायला गेलं की पहिली अडचण येते ती खडबडीतपणा म्हणजे नेमकं काय, इथेच. कण लांबट आहे की गोल, ही एक गोष्ट. त्याचे कोपरे बोथट आहेत की तीक्ष्ण, ही दुसरी. आणि त्याच्या कातडीवर बारीक उंचवटे किती, ही तिसरी. बटाटा वाटोळा असूनही त्याची साल खरबरीत असू शकते, तसंच हे. प्रयोगशाळेत कणावर पांढरा प्रकाश टाकतात आणि परतणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्यांवरून पृष्ठभागाच्या उंचसखलपणाची नोंद करतात. अणुबल सूक्ष्मदर्शक हे 1986 मधलं उपकरण अतिसूक्ष्म टोक कणावरून फिरवून तेच करतं. मग गणिताने कणाचा मूळ बाक वजा करायचा. उरतो तो खरा खडबडीतपणा, बहुधा एका मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून कमी. कणाचा केवढा तुकडा तपासला, यावरही आकडा बदलतो. म्हणून तुकड्याचं माप न सांगता दिलेल्या आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही.

एवढी यंत्रं बांधकामावर कुठून येणार? पण एक सोपी चाचणी आहे. वाळू पूर्ण वाळवा. चाळून एकाच जाडीचे कण वेगळे काढा, कारण बारीक कण मोठ्यांच्या फटीत बसले तर उत्तर चुकतं. नरसाळ्यातून, ठरावीक उंचीवरून, एक लिटरच्या भांड्यात ती सोडा. भांडं हलवू नका, दाबू नका. वरचा भाग पट्टीने सपाट करून वजन घ्या. समजा, आतली वाळू 1.6 किलो भरली. एक लिटर अखंड बेसॉल्ट सुमारे 2.9 किलोचा असतो. म्हणजे 55 टक्के जागा दगडाची आणि 45 टक्के पोकळी. कण जितके कोनदार आणि खडबडीत, तितकी पोकळी अधिक. तेच 1.6 किलो वजन क्वार्ट्झच्या वाळूचं आलं, तर पोकळी 40 टक्क्यांच्या आतबाहेर निघेल, कारण क्वार्ट्झ हलका आहे. म्हणून नुसत्या वजनावरून दोन वाळूंची तुलना करू नये. या चाचणीत आकार आणि पृष्ठभाग दोन्हींचा परिणाम एकत्र दिसतो, पण माल कालवणाऱ्याला तेवढं पुरतं.

दगडाची भुकटी ही निराळी बाब. 75 मायक्रॉनखालची भुकटी नदीच्या वाळूत 3 टक्क्यांपर्यंत आणि फोडलेल्या वाळूत 15 टक्क्यांपर्यंत मानकाला चालते. तीही पाणी ओढते, आणि पुष्कळदा दोष कणाच्या माथी मारला जातो.

घर बांधायला काढलेल्या मावळातल्या प्रत्येक कुटुंबाला माझी विनंती आहे. ब्रासचा भाव विचारताना क्रशरवाल्याकडून चाळणीचा आणि भुकटीचा अहवाल मागून घ्या, प्रत्येक ट्रकमधून मूठमूठ वाळू काढून एकत्र करा, आणि नरसाळ्याची चाचणी गवंड्याच्या समोर करा. पोकळी जास्त निघाली तर पाण्याची बादली न वाढवता वाळू, खडी आणि सिमेंटचं प्रमाण अभियंत्याकडून नव्याने ठरवून घ्या.