आमच्या लेकरांची पाहणी कुणाच्या पैशाने?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून आज हा लेकरांचा विषय कुठून काढला, असे काहींच्या चेहऱ्यावर दिसते आहे. भावावरच बोलणार आहोत. वाट थोडी वेगळी आहे, एवढेच.

मागच्या हंगामात आमच्या भागातल्या एका गावात पाहणी करणारी मंडळी आली. हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. ज्या घरात आत्महत्या झाली होती त्या घराच्या ओसरीवर बसली. सातवीतली मुलगी पाणी घेऊन आली, तर तिलाच विचारले, ‘बाबा दारू प्यायचे का? घरात भांडणं व्हायची का?’ भोवती शेजारची पाच-सहा माणसे उभी. पोरीने मान खाली घातली ती वर काढली नाही. आईने काहीतरी हो-नाही सांगितले, तिची टॅबवर बोटाने सही घेतली, मायलेकीचा फोटो काढला आणि गाडी निघून गेली. पुढचे दोन आठवडे ती मुलगी शाळेत गेली नाही. पाहणी कुणाची होती, पैसा कुणाचा होता, त्या माहितीचे पुढे काय झाले, हे आजतागायत गावात कुणाला ठाऊक नाही. आम्ही सरपंचांना विचारले, तर म्हणाले, ‘वरून आले होते.’ वरून तर गारपीटही येते!

त्या रात्री बैठकीत पोरे चिडली. यापुढे एकाही पाहणीवाल्याला गावात पाऊल टाकू द्यायचे नाही, असा ठराव करायला निघाली. राग खरा होता. ठराव मात्र आम्ही होऊ दिला नाही. का, ते सांगायलाच आज उभे आहोत.

आपण सगळे संकरित कपाशी लावतो. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-४, आपल्या शेजारीच सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली दिला. हे बियाणे तयार कसे होते, ते आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हुडकायची, नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसर अलगद काढायचे, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर झाडाचे फूल आणून त्याचे पराग त्यावर घासायचे. एकेक फूल असे हाताने. बिजोत्पादनाच्या एका एकराला दोन-अडीच महिने रोज आठ-दहा माणसे लागतात. परीक्षेत यावर हमखास प्रश्न यायचा, आम्ही आकृती काढून पैकीच्या पैकी गुण मिळवले. हे काम करते कोण, हा प्रश्न मात्र एकाही पेपरात आला नाही.

तो प्रश्न १९९०च्या दशकाच्या शेवटी हैदराबादच्या दावुलुरी वेंकटेश्वरलू या संशोधकाने विचारला. आंध्रातल्या महबूबनगर, कर्नूलकडच्या बिजोत्पादनाच्या शेतांत ते गेले. कामावर होत्या त्या बहुतांश मुली, सात ते चौदा वर्षांच्या. हंगामाआधी आईबापांना उचल दिलेली, ती फिटेपर्यंत पोर बांधलेली. वह्या-पुस्तके घरी, पहाटेपासून फुले. कंपन्या म्हणाल्या, आम्ही कुणालाच कामाला ठेवत नाही, शेतकरी ठेवतो. शेतकरी म्हणाले, पोरींची बोटे नाजूक, त्यांनाच हे जमते. वर्तमानपत्रात आले ते एवढेच, की शेतकरी लहान पोरींना राबवतो. गुन्हेगार ठरला तो शेतकरी.

एवढ्यावर ते संशोधन थांबले असते तर आज आम्ही त्याचे नावही घेतले नसते. पण २००५ साली त्यांनी आणि लुसिया दा कोर्ता यांनी मिळून दुसरा अभ्यास केला. त्याचे नावच ‘बालपणाची किंमत’ अशा अर्थाचे आहे. या वेळी त्यांनी शेतकऱ्याची वही उघडली. कंपनी बियाण्याला किलोमागे काय देते, खते-औषधांना किती जाते, मजुरीला किती जाते आणि मोठ्या माणसाला बाजारात चालू असलेली मजुरी दिली तर हातात काय उरते? उत्तर असे निघाले, की कंपनी देते त्या भावात मोठ्या माणसाची मजुरी भागवून शेतकऱ्याला धडपणे काही उरतच नाही. पोरींची बोटे नाजूक असतीलही, पण कामावर त्या होत्या, कारण त्यांची मजुरी स्वस्त होती.

भाऊ, रास्त भाव मिळाला नाही की शेतकऱ्याच्या खालच्या माणसाला तो कमी पडतो आणि सर्वांत खाली असते ते लेकरू, हे आपण किती वर्षे ओरडून सांगतो आहोत! त्याचा कागदावरचा पुरावा तयार झाला तो परक्या पैशाने. हॉलंडमधल्या ‘इंडिया कमिटी ऑफ द नेदरलँड्स’ आणि अमेरिका-जर्मनीतल्या संस्था त्यामागे होत्या. तो छापला गेल्यावर मोठ्या कंपन्यांना हलावे लागले. लेकरे कामाला न लावणाऱ्या उत्पादकाला बोनस द्यायचे काहींनी कबूल केले. सगळे सुटले असे मात्र नाही. बिजोत्पादन आडभागातल्या छोट्या शेतांकडे सरकले, मजुरांच्या लेकरांच्या जागी घरचीच लेकरे आली. २०१५ सालच्या अहवालात या कामावरच्या चौदा वर्षांखालील मुलांचा आकडा देशभरात दोन लाखांच्या आसपास दिला आहे.

म्हणून ठराव होऊ दिला नाही. पाहणी बंद करणे हा उपाय नव्हे. ती कुणी करायची, कशी करायची आणि पैसा कुणी द्यायचा, हे बोलले पाहिजे.

पैशाचे आधी बोलू. सरकारचा पैसा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होते. २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरातली पस्तीस मुले वयाच्या मानाने खुजी निघाली. आकडा कामाचा आहे, पण तो किती हे सांगतो. ज्वारीची कणगी कोणत्या महिन्यात रिकामी होते आणि त्या महिन्यात पोराच्या ताटातून काय कमी होते, हे त्यात नाही. समाजशास्त्राच्या संशोधनाला पैसा देणारी सरकारी परिषद १९६९ साली निघाली. तिचे पहिले अध्यक्ष आपले धनंजयराव गाडगीळ, वाई तालुक्यातल्या शेतकऱ्यांचे हिशेब तपासणारे. ज्या गोखले संस्थेत बसून त्यांनी ते काम केले, ती १९३० साली रावबहादूर काळ्यांच्या देणगीतून उभी राहिली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरा पैसा कंपन्यांचा. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. त्यातून आता गावोगाव बालविकासाच्या पाहण्या निघतात. बियाणे विकणारी कंपनी पोरांना दप्तरे वाटील, शाळेची भिंत रंगवील. पण ती दिलेल्या भावाचा आणि लेकराच्या मजुरीचा संबंध शोधायला स्वतःच्या खिशातून पैसे काढील काय? आणि काढले, तर निष्कर्ष छापायचा हक्क कुणाकडे राहील?

तिसरा पैसा परदेशाचा. ‘यंग लाइव्ह्ज’ नावाचा अभ्यास २००२ साली चार देशांत सुरू झाला, त्यातला एक भारत, तेव्हाचा अखंड आंध्र. ऑक्सफर्डचे विद्यापीठ आणि पैसा ब्रिटिश सरकारचा. आंध्रातली तीन हजार मुले निवडली आणि दर काही वर्षांनी त्याच मुलांकडे पुन्हा गेले. जी तेव्हा रांगत होती ती आज वीस वर्षांपुढची आहेत. एकदा गाडीने येऊन फोटो काढण्यात आणि यात फरक आहे. मुलांना समोर बसवून विचारले, नावे आणि गावांची नावे बदलून छापली. महबूबनगरकडच्या एका गावात हेच कपाशी बियाण्याचे काम निघाले. तिथल्या मुलांचे म्हणणे वाचले की आपल्यासारख्या भाषण करणाऱ्यांची पंचाईत होते. मुले सांगतात, आम्ही कामही करतो आणि शाळाही. क्रॉसिंगच्या दिवसांत शाळा बुडते, पण घराला हातभार लागतो. त्यांना विचारल्याशिवाय हे कळले नसते. आता अडचण बघा. २०२१ साली ब्रिटनने परदेशी मदत आपल्या उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यावरून ०.५ वर आणली. इकडे २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणगी एका संस्थेने दुसरीला देणे बंद झाले. लंडनला बजेट कापले की आपल्या लेकराबद्दलचा प्रश्न इथे अर्ध्यावर सुटतो. असे परावलंबन परवडणार नाही.

आता रीतीचे. मुलांच्या पाहणीत सही कुणाची, हा पहिला प्रश्न. आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात, तोही कापसाचाच मुलूख, दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस देण्याचा प्रकल्प झाला. लस वेगळी, पाहणी वेगळी, हे मान्य. पण आश्रमशाळेतल्या कित्येक मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन, मुख्याध्यापक यांच्या सह्या निघाल्या. मुलींचे मृत्यू झाले, गदारोळ झाला, एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमतीच्या बाबतीत संसदेच्या समितीने २०१३ मध्ये कडक ताशेरे ओढले. आईबाप शेतात होते, त्यांना कुणी विचारलेच नाही. वसतिगृहातले लेकरू म्हणजे वॉर्डनची मालमत्ता नव्हे.

नियम नाहीत असे नाही. मुंबईच्या ‘सेहत’ संस्थेच्या पुढाकाराने २००० सालीच आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची आचारसंहिता तयार झाली. आपल्याला समजेल असे तिचे सार एवढेच : सांगून विचारा, नाही म्हणू द्या, नाव फोडू नका, त्रास देऊ नका, निष्कर्ष परत आणून द्या. आईने हो म्हटले तरी पोर नको म्हणाले, तर वही मिटायची. आणखी एक बारीक गोष्ट. पाहणीवाला मुलाला ‘तू सांगितलेलं कुणालाही सांगणार नाही’ असा शब्द देतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर ते पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मग तो शब्द खोटा ठरतो. तेव्हा आधीच सांगायचे, की तुझ्या जिवाला धोका असेल तर मला सांगावे लागेल, बाकी नाही.

आता आमचा प्रस्ताव. जिनिंगवर कापूस जाईल तेव्हा क्विंटलमागे दोन रुपये, खुशीने, पावती घेऊन. एखाद्या तालुक्यातून लाख क्विंटल कापूस गेला तर दोन लाख होतात. तेवढ्यात दोन शिकलेल्या मुलींना वर्षभर पूर्ण पगार निघणार नाही, पण चार गावांची एका हंगामाची पाहणी निघेल. पैसा आपला, पण प्रश्नपत्रिका संघटनेने लिहायची नाही. ती जाणत्या माणसांकडून करून घ्यायची आणि निष्कर्ष आपल्या विरुद्ध गेला तरी याच पत्रकात छापायचा. काळ्यांनी देणगी दिली, उत्तर काय यावे ते सांगितले नाही.

विरुद्ध जाईल का? जाईल. दिवाळी ते संक्रांत, वेचणी भरात असते तेव्हा आपल्या गावच्या शाळेचा हजेरीपट कधी पाहिला आहे? सहावी-सातवीच्या मुलींच्या नावांपुढे काय असते? धाकट्याला सांभाळायला थोरली घरी, थोरलीच्या जागी वेचायला मधली. फवारणीला पाणी आणून देणारे पोर कोणाचे असते? २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. पाण्याची घागर घेऊन त्याच धुऱ्यावर उभ्या असलेल्या लेकराचे आपण बोललो नाही.

तालुक्याच्या बैठकीत एका ज्येष्ठाने आम्हाला सरळ विचारले, ‘आपल्याच हाताने आपल्यावर केस ओढवून घ्यायची का?’ प्रश्न रास्त आहे, त्याला थातुरमातुर उत्तर देणार नाही. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणे पूर्ण बंद आहे. घरच्या शेतात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत हातभार लावण्याची मोकळीक आहे. शाळा बुडवून नाही. मजुराचे पोर आपल्या शेतात वेचत असेल, तर तो गुन्हाच आहे. पाहणीत कुणाचे नाव, गाव, सर्व्हे नंबर येणार नाही, ही हमी आम्ही देऊ शकतो. वाचून मान खाली जाणार नाही, ही हमी देऊ शकत नाही.

दुसरे एक म्हणणे आले, की आधी भाव मिळू द्या, लेकरे आपोआप शाळेत जातील. आम्हीही पुष्कळ वर्षे असेच बोललो. १९८६ साली चांदवडला शेतकरी बाया हजारोंनी जमल्या, तेव्हा कळले की शेतकऱ्याच्या घरातही एक हिशेब असतो आणि त्यात सगळे सारखे नसतात. भाव आला तर त्यातला किती वाटा मधलीच्या शाळेपर्यंत पोहोचतो, हे मोजल्याशिवाय कळणार नाही. आणि आज अकरा वर्षांची असलेली मुलगी भाव मिळेपर्यंत अकराच राहणार नाही.

पावतीपुस्तके मंडपाच्या दाराशी खजिनदारांकडे आहेत. संमतीपत्राचा मराठी मसुदा या पत्रकाबरोबर वाटला आहे. घरी मोठ्याने वाचा, लेकरांना ऐकू द्या. जो शब्द त्यांना कळला नाही त्याखाली रेघ मारून पुढच्या बैठकीला आणा, तो आपण बदलू. पहिली चार गावे कोणती, ते जेवणानंतर ठरवायचे आहे. यादीत एक नाव आधीच लिहिलेले दिसेल. ते आमच्या गावाचे आहे.