स्टेपर मोटरला पॉवर सप्लाय कोणता? आणि ड्रायव्हर?

नवीन जालन्यातून बोलतोय. आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय: "दादा, मोटरवर २.८ व्होल्ट लिहिलंय, मग २४ व्होल्ट दिले तर जळणार नाही का?"

शंका रास्त आहे. आपल्या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये मोटरच्या पाटीवर जेवढे व्होल्ट, तेवढेच द्यायचे असतात. स्टेपरचं गणित वेगळं. तिथे महत्त्वाचा आकडा अँपिअरचा. नेमा १७ मोटर, १.७ अँपिअर, २.८ व्होल्ट याचा अर्थ एवढाच, की उभ्या मोटरच्या एका कॉइलमधून १.७ अँपिअर जायला २.८ व्होल्ट पुरतात.

पण मोटर फिरवायची आहे ना! कॉइलमध्ये करंट एकदम चढत नाही, वेळ लागतो. ३ मिलिहेन्रीची कॉइल धरा. १२ व्होल्टवर १.७ अँपिअर चढायला ढोबळमानाने ०.४ मिलिसेकंद, २४ व्होल्टवर ०.२. आता २०० स्टेप्सची मोटर सेकंदाला १० फेऱ्या मारते, तर एका स्टेपला मिळतात फक्त ०.५ मिलिसेकंद. म्हणजे १२ व्होल्टवर करंट चढेपर्यंत स्टेप संपत आली! म्हणूनच वेग वाढवला की मोटर नुसती घूं-घूं करते आणि स्टेप्स चुकवते.

मग जळत का नाही? कारण ड्रायव्हर ठरलेल्या करंटला पोचलं की वीज तोडतो, परत जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. हे काम ए४९८८, टीएमसी२२०९ करतात. साधा एल२९८एन बोर्ड आपोआप करत नाही, म्हणून तो इथे नको.

ड्रायव्हर निवडताना दोन गोष्टी बघा. ए४९८८ ची मर्यादा ३५ व्होल्ट; हीटसिंक नसेल तर १ अँपिअरच्या आसपासच थांबा. टीएमसी२२०९ आवाज कमी करतो, पण मर्यादा २९ व्होल्ट. दोघांनाही २४ चालतं. करंट सेट करायचा स्क्रू असतो: ए४९८८ वर ०.१ ओहमचे रेझिस्टर असतील, तर १ अँपिअरसाठी व्हीरेफ ०.८ व्होल्ट. मल्टीमीटरने मोजा, अंदाजाने फिरवू नका.

आता सप्लाय. तीन मोटरींचा छोटा प्लॉटर आहे. दोन कॉइल गुणिले १.७ गुणिले २.८, म्हणजे एका मोटरची उष्णता साधारण साडेनऊ वॅट. तिघींची मिळून तीस. वर प्रत्यक्ष काम आणि ड्रायव्हरचं नुकसान धरलं तरी २४ व्होल्ट ५ अँपिअरचा, म्हणजे १२० वॅटचा एसएमपीएस पुरतो. १५ अँपिअरचा घेऊन पैसे घालवू नका. वाचलेल्या पैशात चांगला ड्रायव्हर येईल.

आणि हे चार नियम पाठच करा:

एक, सप्लाय चालू असताना मोटरची वायर कधीही काढू-घालू नका. ड्रायव्हर जातोच.

दोन, ड्रायव्हरच्या सप्लाय पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ५० व्होल्टचा.

तीन, एसएमपीएसवर ११५/२३० चा स्विच असेल तर जोडण्याआधी २३० वर आहे का बघा. अर्थिंगची वायर जोडा आणि उघड्या टर्मिनलवर झाकण लावा. २४ व्होल्टची चूक ड्रायव्हर घेईल, २३० ची चूक जीव घेईल.

चार, लाइट गेली की मोटर आपली जागा विसरते. म्हणून होम स्विच लावाच.

तुमची मोटर कोणती, किती अँपिअरची, मेसेज करा. गणित मिळून करू. भेटू पुढच्या भागात!